काँड्राइटचं थिन सेक्शन: पाणी, धातू आणि शेवटचे वीस मायक्रॉन

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसाल्टची थिन सेक्शन, म्हणजे काचेवर चिकटवून ३० मायक्रॉनपर्यंत (०.०३ मिलिमीटर) घासलेले पातळ काप, नेहमी होतात. त्याच पद्धतीनं, म्हणजे कार्बोरंडमची भुकटी, पाणी आणि अ‍ॅरल्डाइट वापरून, वायव्य आफ्रिकेत सापडलेल्या एका काँड्राइट अशनीच्या (काँड्रूल नावाचे गोल दाणे असलेल्या दगडी अशनीच्या) कापाचं सेक्शन करून पाहिलं. स्लाइडवर तांबूस डाग पडले, जागोजागी भोकं झाली, आणि क्रॉस्ड पोलरमध्ये (काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरायझरांमध्ये) झगझगीत रंगांऐवजी फिकट गुलाबी-हिरवट छटा दिसल्या. चुकलं कुठे, आणि उरलेल्या तुकड्यावर पुन्हा प्रयत्न करावा का?

जरूर करावा. बसाल्टवर बसलेला हात इथे कामाला येतो, पण बसाल्टमध्ये दोन गोष्टी नसतात. एक म्हणजे लोह-निकेलचे धातूचे कण, आणि दुसरी म्हणजे पाणी लागताच गंजायला टपून बसलेलं रसायन. तुमच्या तीन तक्रारींपैकी दोन याच्यातून आल्या आहेत. तिसरी, फिक्या रंगांची, निव्वळ जाडीची आहे. तिच्यापासून सुरू करतो, कारण ती स्लाइड अजून वाचू शकते.

पोलराइज्ड प्रकाशात दिसणारा रंग रिटार्डेशनवर, म्हणजे खनिजात दुभंगलेल्या दोन किरणांपैकी एक किती मागे पडतो त्यावर, ठरतो, आणि रिटार्डेशन म्हणजे जाडी गुणिले बायरेफ्रिन्जन्स (खनिजाच्या दोन अपवर्तनांकांमधला फरक). साध्या काँड्राइटमधल्या ऑलिव्हिन या खनिजाचा बायरेफ्रिन्जन्स ०.०३७ च्या आसपास असतो. सेक्शन ३० मायक्रॉनचं असेल तर रिटार्डेशन ११०० नॅनोमीटरच्या घरात येतं, म्हणजे दुसऱ्या ऑर्डरचा, रंगांच्या दुसऱ्या आवर्तनाचा, शेवट. मिशेल-लेव्हीच्या (रिटार्डेशननुसार रंग दाखवणाऱ्या) तक्त्यातले गडद निळे, हिरवे, पिवळे, किरमिजी रंग इथपर्यंतच आहेत. सेक्शन ६० मायक्रॉनवर थांबलं की तोच आकडा २२०० च्या पुढे जातो. तिथे रंग एकमेकांत मिसळून धुतल्यासारखे होतात आणि उरतो तो फिका गुलाबी आणि फिका हिरवा. तुमच्या वर्णनात नेमकं तेच आहे. म्हणजे स्लाइड साधारण दुप्पट जाड आहे. तिला फेकू नका, पुढे सांगतो त्या पद्धतीनं आणखी उतरवा.

आता एक गोष्ट जी नवशिक्यांना कुणी सांगत नाही. जाडी ऑलिव्हिनवरून ठरवू नका. ऑलिव्हिनचे दाणे वाटेल त्या दिशेनं कापले गेलेले असतात, त्यामुळे बरोबर जाडीच्या सेक्शनमध्येही एखादा दाणा करडा दिसतो आणि शेजारचा निळा. शिवाय ऑलिव्हिन २० मायक्रॉनलाही सुंदर दिसतं आणि ३५ लाही. सुंदर दिसलं म्हणून थांबणं किंवा आणखी सुंदर दिसेल म्हणून घासत राहणं, दोन्ही धोक्याचंच. साक्ष घ्यायची ती ऑर्थोपायरॉक्सिन या दुसऱ्या खनिजाची. त्याचा बायरेफ्रिन्जन्स ०.०१० च्या आसपास, त्यामुळे त्याचे रंग जाडीबरोबर शिस्तीत खाली उतरतात. ६० मायक्रॉनला त्याचे सर्वांत चढे (तक्त्यात सर्वांत पुढचा रंग दाखवणारे) दाणे निळे-जांभळे असतात, ५० ला तांबडे-नारिंगी, ४० च्या आसपास पिवळे, आणि ३० ला पांढऱ्यावर पिवळ्याची अगदी हलकी झाक. नेहमी सर्वांत चढा रंग दाखवणारे दाणे बघायचे, सरासरी नाही. आणि हे दाणे मोठे, एकसंध असले पाहिजेत. पंख्यासारख्या पसरलेल्या पायरॉक्सिनच्या काँड्रूलमधले बारीक तंतू मोजमापाला घेऊ नका. तिथे सेक्शनच्या जाडीत एकावर एक दोन-तीन तंतू येतात आणि रंग फसवा निघतो.

पायरॉक्सिन ओळखण्यावर अजून भरवसा नसेल तर स्लाइडवर क्वार्ट्झ सोबत चिकटवा. काँड्राइटमध्ये तुम्हाला वापरता येईल असं क्वार्ट्झ नसतं, म्हणून ते बाहेरून आणायचं. स्वयंपाकघरातले ओटे बनवणाऱ्या दुकानामागे ग्रॅनाइटचे तुकडे पडलेले असतात, त्यातला एक उचला. मात्र गुलाबी किंवा पांढरा बघून. दुकानात ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणून विकला जाणारा दगड बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, त्यात क्वार्ट्झ शोधत बसाल. दोन छोट्या चिपा अशनीच्या दोन बाजूंना लावा, एक नको, कारण दोन असल्या की सेक्शन एका अंगाला कललं आहे का तेही कळतं. क्वार्ट्झ ३० मायक्रॉनला पहिल्या ऑर्डरचा पांढरा-करडा दाखवतं. ते स्पष्ट पिवळं दिसतंय तोवर काम बाकी आहे.

आता डाग. आधी तपासा की ते तुम्ही पाडले की आधीपासूनच होते. वाळवंटात सापडलेले दगड तिथे हजारो वर्षं पडून असतात आणि त्यांच्यात जुना गंज असतोच. अशनीतज्ज्ञ त्याची डब्ल्यू-शून्य ते डब्ल्यू-सहा अशी प्रतवारी करतात. जुना गंज धातूच्या कणांभोवती कड्यासारखा आणि भेगांमधून शिरांसारखा, दगडाच्या आत मुरलेला असतो. तो गडद तपकिरी, घट्ट आणि काठाला स्पष्ट दिसतो. घासताना पाण्यामुळे आलेला गंज नारिंगी, पुसट, पृष्ठभागावर पसरलेला असतो आणि दगडाची हद्द सोडून शेजारच्या इपॉक्सीवरही (चिकटवायच्या रेझिनवरही) ओघळलेला दिसतो. इपॉक्सीवर नारिंगी थर असेल तर तो तुमच्या पाण्याचा, याबद्दल शंका नको. पहिल्या प्रकाराला इलाज नाही, आणि त्याची गरजही नाही, कारण ती त्या दगडाची खरी अवस्था आहे. दुसरा पूर्णपणे टाळता येतो.

टाळायचा उपाय एका ओळीचा: पहिल्या कापापासून शेवटच्या पॉलिशपर्यंत पाणी नको. कापताना हलकं मिनरल ऑइल, घासताना आयसोप्रोपिल अल्कोहोल. शुद्ध इथेनॉल चालतं, पण कॉलेजला त्याच्यासाठी परवान्याची कटकट असते, तर आयसोप्रोपिल कुठल्याही रसायनांच्या दुकानात मिळतं. ९९ टक्क्यांचंच घ्या. हात निर्जंतुक करायचं ७० टक्क्यांचं घेतलं तर तीस टक्के पाणीच वापरल्यासारखं झालं. अल्कोहोल ज्वालाग्राही आहे, म्हणून फिरत्या करवतीवर किंवा मोटरच्या लॅपजवळ (घासायच्या फिरत्या चकतीजवळ) ते नको, ते फक्त हातानं काचेवर घासताना, खिडकी उघडी ठेवून. अ‍ॅसिटोनला तर हातच लावू नका, ते इपॉक्सी फुगवतं. अल्कोहोलमध्येही स्लाइड बुडवून ठेवायची नाही, ओलं करायचं आणि पुसायचं. कार्बनी काँड्राइट असेल तर पाणी आणखी घातक ठरतं, कारण त्यातली काही सल्फेटं पाण्यात विरघळून जातात. १९९८ साली टेक्ससमध्ये मोनाहन्स इथे पडलेल्या काँड्राइटमध्ये तर चक्क मिठाचे, म्हणजे हॅलाइटचे, जांभळट स्फटिक निघाले. पाण्यानं घासलं असतं तर ते कुणाला दिसलेच नसते.

भोकांचा दोष धातूचा. साध्या काँड्राइटचे लोहाच्या प्रमाणावरून एच, एल आणि एलएल असे गट करतात. एच गटातल्या काँड्राइटमध्ये वजनानं १५ ते २० टक्के धातू असू शकतो, एल गटात त्याच्या निम्मा किंवा कमी, एलएल मध्ये अगदी थोडा. हा धातू चिवट आणि मऊ, तर शेजारचं ऑलिव्हिन कठीण आणि ठिसूळ. सुट्या कार्बोरंडमचे कण काचेवर गडगडत जातात, ठिसूळ दाण्यांना टोचे मारून उचकटतात, आणि मऊ धातूत रुतून बसतात. पुढच्या बारीक टप्प्यावर तेच रुतलेले जाडे कण सुटतात आणि सबंध सेक्शनभर ओरखडे काढतात. भरीस भर म्हणून धातू ताणला जाऊन शेजारच्या दाण्यांवर पसरतो, आणि पारदर्शक दाण्याच्या कडा काळ्या दिसू लागतात. म्हणून अशनीसाठी मी सुटी भुकटी बाजूला ठेवतो. जाड काचेवर सपाट चिकटवलेला सिलिकॉन कार्बाइडचा वॉटरपेपर, आणि शेवटी डायमंड पेस्ट. पेपरवरचे कण पक्के बसलेले असतात, ते धातू कापतात, त्यात रुतत नाहीत. पेपर लवकर मरतो, तेव्हा तो बदलताना हात आखडता घेऊ नका.

भोकांचं दुसरं कारण म्हणजे दगड आधी भरून घेतला नाही. काँड्राइट दिसतो त्याहून सच्छिद्र असतो. काप ५० अंशांवर काही तास कोरडा करा, मग पातळ, वाहत्या इपॉक्सीत बुडवून व्हॅक्यूममध्ये ठेवा. डेसिकेटर आणि साधा पंप पुरतो. बुडबुडे यायचे थांबले की हवा आत सोडा, हवेचा दाब इपॉक्सीला भेगांमध्ये ढकलतो. नेहमीचं अ‍ॅरल्डाइट यासाठी फार घट्ट आहे, ओतकामाची पातळ रेझिन मिळते ती आणा. काच चिकटवायला मात्र मंद जमणारं अ‍ॅरल्डाइट चालेल. पाच मिनिटांत जमणारं घेऊ नका. त्यात बुडबुडे अडकतात आणि अल्कोहोल लागलं की ते मऊ पडतं.

चिकटवण्याबाबत दोन शब्द, कारण अर्धी सेक्शन इथेच बिघडतात. स्लाइडची काच कारखान्यातून आली म्हणून सपाट असेल असं धरू नका. तिची एक बाजू ६०० नंबरच्या पेपरवर एकसारखी धुरकट होईपर्यंत घासा आणि चार कोपरे व मध्य मायक्रोमीटरनं मोजा. धुरकटपणाची काळजी नको, इपॉक्सीचा अपवर्तनांक काचेच्या जवळपासच असल्यामुळे चिकटवल्यावर तो दिसत नाही. दगडाची बाजू मात्र ओरखड्यांशिवाय, निदान १००० नंबरपर्यंत नेलेली हवी, कारण ही बाजू पुन्हा कधीच हाताशी येणार नाही. इपॉक्सी ४० अंशांवर कोमट करून एका कडेपासून टेकवत आणा म्हणजे हवा पुढे सरकत बाहेर जाते. वर हलकं वजन, आणि २४ तास विसरून जा.

मग काप. करवतीचं पातं जितकं पातळ तितकं बरं, आणि हे निव्वळ सौंदर्यशास्त्र नाही. २० बाय २५ मिलिमीटरच्या सेक्शनमध्ये ३० मायक्रॉन जाडीला दगड असतो जेमतेम ०.०५ ग्रॅम. ०.४ मिलिमीटरचं पातं त्याच आकाराचा काप घेताना ०.७ ग्रॅम भुगा करतं, म्हणजे चौदा पट. कुठलाही अशनी कापताना हा हिशोब आधी करा. स्लाइडवर अर्धा मिलिमीटर ठेवून कापा, आणि उरलेला तुकडा जपून ठेवा. त्याच्याच ताज्या तोंडावर दुसरी स्लाइड होते.

आता घासणं. २२० नंबरनं अर्ध्या मिलिमीटरचं १५० मायक्रॉनपर्यंत, मग ४०० नं १०० पर्यंत. याच्यापुढे जाडा पेपर हातात घ्यायचा नाही. प्रत्येक पेपर आपल्या कणाच्या आकारानुसार कमीजास्त खोल भेगा दगडात सोडून जातो, आणि पुढच्या पेपरचं खरं काम त्या भेगा खाऊन टाकणं हे असतं. बसाल्टला ४०० वर ७०-८० पर्यंत नेलं तरी तो सहन करतो, काँड्राइट करत नाही. ६०० नं ६० पर्यंत, १००० आणि १२०० नं ४० पर्यंत. बोटांचा दाब एका बाजूला पडतोच, म्हणून काही फेऱ्यांनंतर स्लाइड ९० अंशांनी फिरवा. कडा मध्यापेक्षा लवकर उतरतात. चारही कोपऱ्यांतले रंग ताडून पाहिले की पाचर कुठे झाली आहे ते मायक्रोमीटरच्या आधी डोळ्याला कळतं.

शेवटचे वीस मायक्रॉन म्हणजे खरी परीक्षा. इथे माझा नियम असा की घासण्यापेक्षा सूक्ष्मदर्शकाखाली जास्त वेळ जायला हवा. आठ-दहा हलक्या फेऱ्या, पुसणं, बघणं. खडबडीत पृष्ठभाग प्रकाश विखुरतो आणि रंग मळके दिसतात, म्हणून बघताना इमर्शन तेलाचा थेंब टाकून त्यावर नुसती कव्हर स्लिप ठेवा. एकदम चित्र साफ होतं. बघून झालं की तेल पुसून पुढे चला. पायरॉक्सिन पिवळं पडू लागलं की पेपर बंद. उरलेलं काम ६, ३ आणि १ मायक्रॉनच्या डायमंड पेस्टवर, तेलाधारित पेस्ट घेऊन, कडक कापडावर. मऊ मखमली कापडावर धातू आणि सिलिकेट यांच्यात उंचसखलपणा येतो. पॉलिशमध्येच आणखी काही मायक्रॉन जातील हे धरूनच पेपरवर थोडं आधी थांबायचं.

वर काचेची कव्हर स्लिप कायमची बसवावी का? माझं मत: नाही. काँड्राइटमध्ये पारगामी प्रकाशात जे काळं दिसतं ते नुसतं काळं नसतं. वरून प्रकाश टाकला की त्यातच कामासाइट (लोह-निकेल धातू) पांढरं चमकतं, ट्रॉइलाइट (लोहाचं सल्फाइड) पितळी पिवळं दिसतं, क्रोमाइट (क्रोमियमचं ऑक्साइड खनिज) करडं राहतं. कव्हर बसवलेल्या सेक्शनवर हे नीट दिसत नाही आणि पुढे कधी मायक्रोप्रोबला (इलेक्ट्रॉन झोतानं रासायनिक घटक मोजणाऱ्या यंत्राला) द्यायचं झालं तर स्लाइड निरुपयोगी ठरते. पॉलिश करून उघडीच ठेवा.

ध्रुवण सूक्ष्मदर्शक नसेल तरी अडत नाही. जीवशास्त्राच्या साध्या सूक्ष्मदर्शकात एक पोलरायझिंग फिल्म दिव्यावर आणि दुसरी स्लाइडच्या वर, पहिलीशी काटकोनात धरली की काम होतं. फिरती पीठिका नसल्यानं स्लाइड हातानं फिरवावी लागते, इतकंच. कॅमेऱ्याचे वर्तुळाकार पोलरायझर मात्र घेतले तर कुठल्या बाजूनं धरायचे ते तपासावं लागतं, साधी रेखीय फिल्म बरी.

काय बघायचं? आधी काँड्रूल. हेन्री सॉर्बी या भूवैज्ञानिकानं एकोणिसाव्या शतकात शेफील्डमध्ये अशीच सेक्शन बघून ओळखलं होतं की हे गोळे एकेकाळी वितळलेले थेंब होते. पट्ट्यापट्ट्यांच्या ऑलिव्हिनचा काँड्रूल सापडला तर स्लाइड हळूहळू फिरवा. सगळ्या पट्ट्या आणि बहुधा भोवतालची कडही एकाच क्षणी काळी पडते आणि एकाच क्षणी उजळते. वेगवेगळ्या दिसणाऱ्या त्या पट्ट्या मुळात एकच स्फटिक आहेत, त्याचा हा पुरावा. मग एकेका ऑलिव्हिन दाण्याचं एक्स्टिंक्शन, म्हणजे स्लाइड फिरवताना त्याचं काळं पडणं, बघा. दाणा सरळ, एका झटक्यात काळा होत असेल तर दगडाला धक्का फारसा बसलेला नाही. सावली दाण्यातून लाटेसारखी सरकत गेली तर थोडा बसला आहे, आणि दाणा ठिपक्याठिपक्यांनी विझला तर बराच. १९९१ पासून वापरात असलेली एस-एक ते एस-सहा ही आघाताची प्रतवारी मुख्यतः याच निरीक्षणांवर उभी आहे.

काँड्रूलच्या कडा पुसट दिसल्या तर लगेच सेक्शनला दोष देऊ नका. काँड्राइट किती तापले यावरून त्यांना प्रकार-क्रमांक देतात, आणि सहाव्या प्रकारच्या काँड्राइटमध्ये उष्णतेनं सगळं पुन्हा स्फटिकीभूत झालेलं असतं. मे २०१२ मध्ये नागपूरजवळ काटोलला पडलेला अशनी असाच एल-सहा, म्हणजे एल गटातला सहाव्या प्रकारचा, आहे. त्यात काँड्रूलपेक्षा आघातानं वितळलेल्या काळ्या शिरा जास्त बोलक्या आहेत. त्याच शिरांमध्ये पुढे ब्रिजमनाइट सापडलं, म्हणजे पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात असणारं खनिज.

क्रॉस्ड पोलरमध्ये काळं आणि साध्या प्रकाशात पारदर्शक, असा दाणा दिसला तर थांबून बघा. ती काच असते किंवा नुसती इपॉक्सी भरलेली पोकळी. पोकळीत बुडबुडे आणि घासण्याचे ओरखडे दिसतात. काचेचा आकार फेल्डस्पारच्या दाण्यासारखा असेल तर ते मॅस्केलिनाइट, म्हणजे आघातानं काच झालेलं फेल्डस्पार, असण्याची शक्यता आहे. ऑगस्ट १८६५ मध्ये बिहारमधल्या शेरघाटीला पडलेल्या अशनीत खनिजशास्त्रज्ञ चेरमाक यांनी ते १८७२ साली पहिल्यांदा ओळखलं. तो दगड मंगळावरचा आहे हे कळायला आणखी शंभरावर वर्षं गेली. आपल्याकडे लोणारच्या विवरातल्या आघात झालेल्या बसाल्टमध्येही मॅस्केलिनाइट आहे. पण लोणार अभयारण्य आहे, तिथून दगड उचलायचा नाही.

सरावाला मात्र कुठलाही रस्त्याकडेचा दख्खनचा बसाल्ट घ्या आणि तो अल्कोहोल-पेपर पद्धतीनं करा. त्यातल्या प्लॅजिओक्लेजच्या (फेल्डस्पारच्या एका प्रकाराच्या) पट्ट्या ३० मायक्रॉनला पहिल्या ऑर्डरच्या करड्या-पांढऱ्या दिसतात, तेवढी डोळ्याला सवय झाली की अशनीकडे वळा. अशनीतही निवड असेल तर युक्राइट सर्वांत सोपा, जवळपास बसाल्टच. त्यानंतर एलएल, मग एल आणि शेवटी एच. पॅलासाइटच्या (धातूत ऑलिव्हिन जडलेल्या अशनीच्या) वाट्याला इतक्यात जाऊ नका. लोहअशनीचं थिन सेक्शन होत नाही, ते पॉलिश करून नायटलनं (अल्कोहोलमधल्या नायट्रिक आम्लानं) कोरतात आणि वरून प्रकाश टाकून बघतात.

आणि तुमच्या भागात उद्या खराच दगड आकाशातून पडला, तर करवत बाजूला ठेवा. तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे जायला हवा, त्यांचा अशनीसंग्रह कोलकात्याला आहे. शिवाय ताज्या पडलेल्या दगडातली अल्पायुषी किरणोत्सारी समस्थानिकं दिवसागणिक कमी होत जातात. ती मोजायची सोय अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत आहे, म्हणून कळवायला उशीर नको.

तयार स्लाइडला नाव पेननं लिहू नका, अल्कोहोलनं जातं. डायमंडच्या लेखणीनं काचेच्या कडेला नमुन्याचा क्रमांक कोरा. ठेवायची ती सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या हवाबंद डब्यात, आणि जेल निळं किंवा नारिंगी असतं त्याचा रंग बदलला की भाजून पुन्हा वापरा. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या पेटीत ठेवलेल्या पॉलिश सेक्शनवरचा धातू एका मोसमात मळकट होतो. तसं झालंच तर १ मायक्रॉनच्या पेस्टवर चार हलक्या फेऱ्या पुरतात, फक्त त्याआधी पायरॉक्सिनचा रंग बघून अजून किती जाडी शिल्लक आहे ते तपासा.